गुरुपुष्य आणि रॅम

आमच्या घरात खरेदीचे दोनच नियम होते. सोनं असेल तर आज घ्यायचं, संगणक असेल तर थांबायचं.

पहिला नियम आईचा. गुरुपुष्यामृत आलं की ती लक्ष्मी रोडला जाऊन ग्रॅम-दोन ग्रॅमचं काहीतरी घेऊन यायची. भाव चढलेला असो की उतरलेला, "पुढच्या वेळी याहून जास्तच असेल" एवढंच तिचं अर्थशास्त्र, आणि त्याने तिला आजवर दगा दिलेला नाही. दुसरा नियम माझा. संगणकाचा कुठलाही भाग आज घेण्यात शहाणपण नाही. सहा महिने दम धरला की तोच भाग स्वस्तात पदरात पडतो, नाहीतर तेवढ्याच पैशांत त्याहून सरस काहीतरी मिळतं. सोन्याचा मुहूर्त गाठायचा, संगणकाचा चुकवायचा.

माझ्या नियमाला शास्त्राचा आधारही होता. पुढे इंटेलच्या संस्थापकांपैकी एक झालेल्या गॉर्डन मूर यांनी १९६५ साली लिहून ठेवलं की एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५मध्ये त्यांनी तो वेग जरा आवरून दर दोन वर्षांवर आणला. हे त्यांनी उद्योगाला उद्देशून सांगितलं होतं. आमच्यासारख्यांनी त्यातून एवढंच घेतलं की घाई नको. चालढकलीला इतकं भक्कम कारण आम्हाला त्याआधी कोणी दिलं नव्हतं. नियमाला एक पोटनियमही होता: वस्तू घरी आली की तिची किंमत पुन्हा कुठेही बघायची नाही. हा पोटनियम मी सोडून सगळे पाळतात.

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ज्यांनी एकेकाळी संगणकाचे भाग घेतले असतील त्यांना तिथलं ठरलेलं वाक्य आठवत असेल: "हा आजचा रेट आहे साहेब, उद्याचं सांगता येत नाही." ती विक्रीची युक्ती आहे असं समजून आपण गालातल्या गालात हसायचो आणि ग्रँट रोड स्टेशनच्या दिशेने रिकाम्या हाताने चालू लागायचो. उद्याचं आपल्याला सांगता येत होतं ना! उद्या स्वस्त होणार होतं.

हे सगळं उगाळण्याचं कारण म्हणजे टेबलाखालचा माझा पीसी. २०१७ साली तो तापकीर गल्लीत भाग जमवून असेंबल करून घेतला. रायझन ५ १६०० हा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ६ जीबीचं जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड. हे कार्ड म्हणजे कार्डांमधला सरळमार्गी नोकरदार. खेळांच्या 'स्टीम' या दुकानाकडून ग्राहकांच्या यंत्रांची पाहणी होत असते, तिच्यात ते कित्येक वर्षं पहिल्या क्रमांकावर होतं. त्यापेक्षा वेगवान कार्डं ढिगाने होती, पण लोकांच्या घरात हेच होतं.

२०२५च्या ऑक्टोबरात या पीसीच्या दोन आधारांनी एकदमच हात वर केले. १४ तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११वर जायचं तर त्यांनी पात्र प्रोसेसरांची यादी केली आहे, तिच्यात १६०० नाही. त्याच्या पाठचा भाऊ २६०० आहे. एका वर्षाने उशिरा जन्मला असता तर वर बसला असता, असं म्हणण्याची पाळी फक्त सरकारी भरतीतच येते असं मी समजत होतो. त्याच महिन्यात एनव्हिडियाने १०६०च्या सगळ्या पिढीसाठी खेळांचे नवे ड्रायव्हर काढणं बंद केलं. आता २०२८च्या ऑक्टोबरपर्यंत सुरक्षेपुरती डागडुजी, बस. पीसीला स्वतःला यातलं काही कळलेलं नाही. तो रोज रात्री पूर्वीसारखाच सुरू होतो.

"चालतोय ना?" बायकोने विचारलं.

"चालतोय. पण सपोर्ट गेला."

"म्हणजे बिघडला?"

"बिघडला नाही."

"मग?"

या 'मग'ला जगातल्या कोणत्याही संगणक मासिकाने अजून समाधानकारक उत्तर दिलेलं नाही. मी नियमाप्रमाणे थांबायचं ठरवलं. दिवाळीचे सेल जाऊ देत, नवीन वर्ष येऊ दे, मग बघू.

आणि नेमका तेव्हाच बाजार उलटा फिरला. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना एक खास, थरांवर थर रचलेली, प्रचंड वेगाची मेमरी लागते. तिच्यात नफा जास्त, आणि तेवढ्याच जीबीसाठी सिलिकॉनही साध्या रॅमपेक्षा कितीतरी जास्त लागतं. तिघांनीही आपला माल तिकडे वळवला. २०२५ संपता संपता साध्या रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेले, काही कांड्यांचे तर तिप्पट झाले. डिसेंबरात मायक्रॉनने 'क्रुशल' हा घरगुती ग्राहकांसाठीचा आपला जुना ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे जगाच्या पाठीवर कुणीतरी यंत्राला सांगतं की माझ्या मांजराचं शिवकालीन पोशाखातलं चित्र काढ, आणि त्याचा भुर्दंड तापकीर गल्लीत मला पडतो.

आईला मी हे सांगितलं. रॅम म्हणजे काय ते तिला माहीत नाही, पण भाव म्हणजे काय ते माहीत आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग स्वस्त होती तेव्हाच चार घेऊन का नाही ठेवल्यास?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा नियम माझ्या खात्यात लागू पडला होता. वापरलेल्या जुन्या कांड्यांना दुकानदार हल्ली जवळपास घेतल्या भावाची किंमत सांगतो. संगणकातला एखादा भाग जुना होऊनही भाव राखून आहे, ही गोष्ट माझ्या आयुष्याच्या चौकटीत बसत नाही. एवढी वर्षं दसऱ्याला त्या कॅबिनेटवर झेंडूचं फूल ठेवलं ते सरस्वती म्हणून. यंदा ते लक्ष्मी म्हणून ठेवावं लागेल.

खरं तर माझा नियम याआधीही मोडला होता, फक्त आपण तिकडे काणाडोळा करत आलो. १९९३च्या जुलैत जपानमधल्या निइहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपांभोवतीचं काळं कवच ज्या राळेपासून करतात त्या राळेचा जगातला मोठा वाटा तिथून यायचा. झालं, रॅम कडाडली. २०११मध्ये थायलंडला पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि नाशिकमध्ये सायबर कॅफे काढायला निघालेल्या माणसाचं गणित कोलमडलं. मी माझा पीसी घेतला त्या २०१७मध्येही रॅम महागच होती, पण तेव्हा कार्ड स्वस्त वाटलं म्हणून ते खपून गेलं. आणि २०२१ तर कुणीच विसरलेलं नसेल. आभासी चलन 'खणणाऱ्यांनी' ग्राफिक्स कार्डं घाऊक उचलली, छापील किमतीच्या दुपटीने ती विकली जाऊ लागली. तेव्हा मात्र थांबणारे जिंकले. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या चलनाने आपली पद्धतच बदलली, खाणकाम एका दिवसात निरर्थक झालं आणि कार्डांचे भाव खाली आले. थांबण्याच्या बाजूने एवढा स्वच्छ निकाल पुन्हा लागलेला नाही. माझ्यासारखे लोक त्या एका निकालाच्या जोरावर आजही थांबलेले आहेत.

बरं, आता घ्यायचंच असं धरून चालू. काय घ्यायचं? साधूच्या लंगोटीची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते: उंदीर लंगोटी कुरतडतो म्हणून मांजर, मांजराला दूध हवं म्हणून गाय, गाईला चारा हवा म्हणून शेत, आणि शेत बघायला कोणी नाही म्हणून शेवटी बायको. साधूने निदान लंगोटीपासून सुरुवात केली होती. मी ग्राफिक्स कार्डापासून करतो. नवं कार्ड घेतलं की जुन्या एसएमपीएसवर ते लावायला दुकानदार कचरतो, "साहेब, कार्ड चाळीस हजाराचं आणि सप्लाय जुना?" म्हणतो, आणि त्याचं बरोबर असतं. नवी कार्डं अंगाने एवढी वाढली आहेत की जुन्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो. कॅबिनेट बदलल्यावर दिसतं की नवं कार्ड जुन्या प्रोसेसरची वाट बघत बसतं. प्रोसेसर एएमडीच्या नव्या पिढीचा घ्यावा तर त्याला नवा बोर्ड हवा, आणि त्या बोर्डाला डीडीआर-४ चालत नाही, डीडीआर-५च लागते. म्हणजे फिरून पुन्हा रॅमच्या दारात.

तरीही समजा हे सगळं झालं. आता हे यंत्र १०८०पीच्या साध्या पडद्यावर वापरायचं म्हणजे अन्याय. साध्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. त्याच्या वरच्या, १४४०पीच्या पडद्यावर ३६,८६,४००. नवा पडदा आणला की तेच नवं कार्ड एवढे ठिपके रंगवताना पुन्हा धापा टाकू लागतं. साधूची गोष्ट बायकोपाशी थांबते. माझी खरी सुरुवात तिथून होते, कारण पडदा मोठा झाला की टेबल बदलावं लागतं आणि टेबल तिच्या माहेरून आलेलं आहे.

पडद्यांच्या बाबतीत अजून एक गंमत. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांवर चालतो आणि त्यावर आपण सगळे हसलो-रडलो. खेळणाऱ्याला ६० हवीत, हल्ली १४४. साठ असताना एका चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, १४४ असताना ६.९. डोळ्याची पापणी एकदा लवायला शंभर मिलिसेकंदांहून जास्त लागतात, म्हणजे एका लवण्यात मी एकशे चव्वेचाळीसवाली निदान चौदा चित्रं तशीच घालवतो. फरक दिसत नाही असं मी म्हणणार नाही. दिसतो, आणि एकदा दिसला की साठवर परत जाववत नाही. म्हणून दुकानात मी त्या पडद्यासमोर उभाच राहत नाही. ज्या घरात दोडक्याची भाजी आहे त्या घरच्या माणसाने लग्नाच्या पंगतीचे वास घेत फिरू नये.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या खोलीत काचेचं कॅबिनेट आणि आत इंद्रधनुष्य. तो एका रविवारी आला, गुडघ्यावर बसून माझ्या पीसीची बाजूची पट्टी काढली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मामा, हा पंखा काळा घेतला होतास की झालाय?"

पुढचा तासभर त्याने जे केलं ते अपग्रेडमध्ये मोडत नाही म्हणून कुणी त्याची जाहिरात करत नाही. ब्लोअरने धूळ उडवली. प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. बायोसमध्ये जाऊन बघितलं, कारण रॅमवर छापलेला वेग तिथे हाताने चालू करावा लागतो, नाहीतर ३२००ची रॅम निमूटपणे २१३३ने धावत राहते. माझी चालू होती, पण भाच्याने त्याच्या मित्रमंडळींमधले असे काही नमुने सांगितले की ज्यांनी महागातली रॅम घेऊन वर्षानुवर्षं तिला पायी चालवलं. एकाने १४४ हर्ट्झचा पडदा घेतला आणि विंडोजमध्ये तो साठवरच ठेवला. आणि तरी त्याला फरक जाणवायचा, हे विशेष. मी त्या मुलाला ओळखत नाही, पण मला तो जवळचा वाटतो. श्रद्धेने घेतलेली वस्तू अशीच चालते.

जाताना भाच्याने विचारलं, "पण मामा, तुला खेळायचंय काय नक्की?"

इतके दिवस मी कार्डं, वॅट, सॉकेट आणि जीबी यांची तुलना करत होतो. रात्री जेवणं आटोपली की एक तक्ता उघडायचो, त्यात भाग घालायचो, काढायचो, बेरीज बघायचो, पुन्हा काढायचो. खरं सांगायचं तर तो खेळ मला आवडत होता. त्याला कसलंही कार्ड लागत नाही, त्यात कोणी हरत नाही आणि शेवटी पैसे तसेच्या तसे बँकेत असतात. भाच्याच्या प्रश्नाने मला त्या खेळातून बाहेर काढून खऱ्या खेळांच्या यादीपुढे उभं केलं.

यादी तपासली. 'विचर ३' २०१५ची, चालते. 'एल्डन रिंग' साठ चित्रांच्या वर मुळात जातच नाही, सेटिंग जरा खाली आणलं की चालते. 'स्टार्ड्यू व्हॅली' एकट्या माणसाने बनवलेली शेती, तिला हा पीसी म्हणजे ट्रॅक्टर. 'एज ऑफ एम्पायर्स २'ची नवी आवृत्ती चालते, आणि तिच्यात मी अजून मंगोलांकडून मार खातो, त्यात कार्डाचा काही दोष नाही. जे चालत नाही तेही खरं आहे. २०२४च्या डिसेंबरात आलेल्या 'इंडियाना जोन्स'ला प्रकाशकिरणांचा हिशेब स्वतः करणारं कार्डच लागतं, १०६०ला तो दारातूनच परत पाठवतो. २०२५चा नवा 'डूम'ही तसाच. ही यादी वाढत जाणार यात शंका नाही, पण आज ती माझ्या हाताच्या बोटांवर मावते, आणि त्यातला मला मनापासून हवा असलेला खेळ एकच: चाबूकवाला प्राध्यापक.

मग मला स्टीमनेच २०२४ साली दिलेला आकडा आठवला. त्या वर्षी लोकांनी खेळण्यात घालवलेल्या एकूण वेळापैकी फक्त १५ टक्के वेळ त्या वर्षी आलेल्या खेळांवर गेला होता. आठ वर्षं किंवा त्याहून जुन्या खेळांवर गेला होता ३७ टक्के. म्हणजे जगभरातली मंडळी नव्या कार्डांवर बसून जुनेच खेळ खेळत आहेत. आपल्याकडे नवा कुकर आणून त्यात वरण-भातच लावतात, त्यात वावगं काही नाही, फक्त तो कुकर बिर्याणीसाठी घेतला असं सांगू नये.

'जीटीए ६'साठी आत्तापासून यंत्र तयार ठेवतोय असं सांगणारा एक सहकारी आमच्या ऑफिसात आहे. तो खेळ जाहीर झालाय प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्ससाठी, पीसीची तारीखच नाही. याआधीचा पाचवा भाग २०१३च्या सप्टेंबरात आला आणि पीसीवर २०१५च्या एप्रिलात. सहकाऱ्याचं कार्ड त्या दिवसापर्यंत जुनं झालेलं असेल. थांबण्याच्या कलेत मी त्याला गुरू मानतो. त्याने आधी खरेदी करून मग थांबून दाखवलं.

तर निर्णय. एएमडीने २०१७मध्ये जो सॉकेट बाजारात रूढ केला तो त्यांनी कौतुक करावं इतका टिकवला. २०२२मध्ये त्यांनी माझ्यासारख्या पहिल्या पिढीच्या बोर्डांनाही नवे प्रोसेसर उघडून दिले. बायोस अद्ययावत केलं की त्याच खाचेत, त्याच रॅमसोबत रायझन ५ ५६०० बसतो, विंडोज ११च्या यादीतही तो आहे, आणि एका बऱ्या मोबाइलच्या निम्म्याहून कमी पैशांत काम होतं. हे मी करतो आहे. कार्ड तेच राहील, निदान २०२८च्या ऑक्टोबरपर्यंत त्याला सुरक्षेचं कवच आहे. इंडियाना जोन्स भाच्याच्या खोलीत, त्याच्या परीक्षा संपल्या की. पडद्याचा आणि टेबलाचा विषय बंद.

कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन: तुम्हाला हवा असलेला खेळ तुमच्या यंत्रावर चालत नसेल तर त्या खेळाचं नाव कागदावर लिहा. नाव सुचलं तर दुकानात जा. सुचलं नाही तर पंखा पुसा. भाव उतरायची वाट बघू नका आणि चढायच्या भीतीने पळतही जाऊ नका, दोन्हींतलं काय होईल हे आता लॅमिंग्टन रोडवालाही सांगत नाही.

आणि एक विनंती. तुमच्या माळ्यावर, जुन्या पीसीच्या सांगाड्यात डीडीआर-४च्या कांड्या पडून असतील तर त्या भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊन टाकू नका. आधी मला कळवा. पुढच्या गुरुपुष्याच्या आत.